जयपूर ते जळगाव, सरळ खाली

आमच्या ह्यांना कुणी विचारलं की तुमचं गाव किती लांब, तर उत्तर ठरलेलं असे: एक तास वीस मिनिटं. विचारणारा चकित झाला की हे खुर्चीत पुढे सरकत. सहाशे बावन्न किलोमीटर, नकाशावर पट्टी ठेवा, जयपूरच्या सरळ खाली जळगाव, रेघ डावीकडे नाही की उजवीकडे नाही. मग चहा येई. चहा मीच करत असल्यामुळे हे भाषण मला तोंडपाठ आहे.

हे म्हणजे विलास महाजन, विमा कंपनीतून निवृत्त झालेले अधिकारी. मी रत्नप्रभा. गाव जळगावजवळ, गिरणेच्या काठी. बदल्या होत होत आम्ही जयपूरला पोचलो, नोकरीची शेवटची वर्षं जवळच्याच चौमूच्या शाखेत गेली, आणि निवृत्तीनंतर माझं एकच म्हणणं होतं, की आता आपल्या मुलखात जाऊ. जळगावात दोन खोल्या घेऊ, भरताची वांगी आणि कळण्याची भाकरी खाऊ, आणि कुणाशी भांडायचं तर आपल्या भाषेत भांडू. ह्यांना मात्र मालवीय नगर सोडवत नव्हतं. सकाळी बागेतली मंडळी, दुपारी पेपर, आणि ‘महाजन साब, महाजन साब’ करणारे दुकानदार. जळगावात ह्यांना साहेब कोण म्हणणार होतं? तिथे हे रंगनाथचा धाकटा भाऊ.

तेवढ्यात जळगावच्या विमानतळावरून विमानं सुटायला लागली, आणि ह्यांना इंटरनेटवर ते पान सापडलं. दोन विमानतळांची नावं टाकायची, की अंतर आणि उड्डाणाचा वेळ समोर हजर. ह्यांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले. ‘सांगानेरचा विमानतळ घरापासून हाकेच्या अंतरावर. चहा इथे, जेवण गावात. आणखी काय पाहिजे तुला?’ मला पटलं. जन्मभर लोकांच्या पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचणारा माणूस, त्याला कळत नसेल तर कुणाला कळेल? मालवीय नगरातच फ्लॅट घेतला. गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावरून विमान गेलं की हे खालून ओरडत, ‘बघ, कुठे चाललंय?’ आणि मी आपली बघत राही.

पान खोटं नव्हतं. विमान उडालं तर किती वेळ लागेल, एवढंच ते सांगत होतं. उडतं का, हे ह्यांनी त्याला विचारलंच नव्हतं. जयपूरहून जळगावला थेट विमान नव्हतंच. हे कळलं रंगनाथभाऊ, म्हणजे माझे थोरले दीर, गेले तेव्हा. ह्यांनी फोनवर वहिनींना सांगून टाकलं, ‘थांबा, दुपारपर्यंत पोचतो.’ आणि मग तिकीट काढायला बसले. आम्ही पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, ‘भाऊजी, दुपारपर्यंत ठेवलं होतं त्यांना.’ त्या दिवसापासून ह्यांनी एक तास वीस मिनिटांचं भाषण बाहेरच्यांना देणं सोडलं. स्वतःशी मात्र चालू ठेवलं. सरकार आज ना उद्या ती सेवा सुरू करणार, असं हे दर महिन्याला ते पान उघडून म्हणत.

आता कानबाईचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडलं.

खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आमच्या घरची कानबाई म्हणजे एक जुना नारळ, सासूबाईंच्या सासूच्या वेळचा. त्याला डोळे, नथ, कपाळभर कुंकू. रविवारी संध्याकाळी चौरंगावर बसवायची, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन गिरणेवर न्यायची, पाण्यात बुडवून घरी परत आणायची. नैवेद्याला रोट. रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजून घेतात, आणि तो रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचा, परक्याला कणही द्यायचा नाही. त्यामुळे माणसं कुठे कुठे असली तरी त्या रविवारी गावात येतात. आम्ही जयपूरला आल्यापासून एखाद्या वर्षी जमे, एरवी नाही. तरी जाऊबाई ह्यांच्या नावाची आणि आमच्या अभिजितच्या नावाची मूठ चुकवत नसत. हे फोन करून विचारत, ‘वहिनी, माझी मूठ घातली का?’ ‘घातली भाऊजी.’ आमच्या वाटचे रोट गाय खायची.

यंदा आषाढात जाऊबाईंचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

‘रत्ना, आता माझ्याच्यानं होत नाही वं. डोळ्याले दिसत नाही, गुडघे धरले. पोरगी नाशिकले घेऊन चालली. घराले कुलूप लागीन.’

‘बरंच झालं की, बाई. एकट्या किती दिवस राहणार?’

‘माझं जाऊ दे. कानबाईचं काय? पोरीच्या घरी तिले कशी नेऊ? पोरीचं कुळ वेगळं. मी विधवा बाई तिले हात लावत आली, ती काही बोलत नाही म्हणून. तू सवाष्ण. या साली येऊन तिले ओटीत घे. नाही तर सोमवारी गिरणेत सोडीन अन् परत आणणार नाही.’

‘येते,’ मी म्हटलं. ‘मी येते, बाई. सोडू नका.’

म्हटलं खरं, पण येणार कशी? माझी मूत्रपिंडं दोन वर्षांपासून कामातून गेली आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. गेल्या श्रावणात हट्ट करून आगगाडीने निघाले होते. कोट्याच्या आतच छातीत पाणी भरलं, श्वास घेता येईना, कोट्याला स्ट्रेचरवर उतरवलं. तेव्हापासून डॉक्टरांनी आगगाडी बंद केली, मोटारीचा लांबचा प्रवास बंद केला. ‘आंटीजी, हवाई जहाज से जाओ तो जाओ,’ असं म्हणाले. म्हणजे पुन्हा ह्यांचंच पान.

ओटीत घेणं हे सवाष्ण सुनेचंच काम. ह्यांनी एकट्याने जाऊन चालत नाही. अभिजित बंगळूरला असतो, त्याने लग्न केलं नाही, करणारही नाही, आणि तो विषय आमच्या घरात बंद आहे. म्हणजे कुळात सवाष्ण सून उरली ती मी. मी घेतली तरी माझ्यानंतर कोण, हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. पण माझ्यानंतरचं माझ्यानंतर. मी जिवंत असताना, हात पाय असताना, केवळ पोचता आलं नाही म्हणून घरची देवी नदीत जाणार, हे मला सहन होत नव्हतं.

ह्यांनी मग असं काही डोकं चालवलं की मला नोकरीतले हे आठवले. शनिवारी दुपारी डायलिसिस संपतं, पुढचं मंगळवारी. मधल्या रविवारी सकाळी जयपूरहून मुंबई, तिथून दुपारच्या छोट्या विमानाने जळगाव, संध्याकाळी गाव. सोमवारी देवी घेऊन जळगावहून हैदराबाद, हैदराबादहून बंगळूर. कारण बंगळूरला जायचं तसंही ठरलंच होतं. ह्यांनाही आता एकट्याने माझं करणं होत नव्हतं, आणि अभिजितने त्याच्या घराजवळ मंगळवारपासूनची डायलिसिसची खुर्ची मिळवून ठेवली होती. फ्लॅट रिकामा केला. सामान ट्रकने पुढे गेलं. घरात दोन गाद्या, एक बादली आणि आम्ही.

अभिजित फोनवर म्हणाला, ‘आई, मतलब, एका नारळासाठी एवढं?’

‘हो,’ मी म्हटलं, ‘एका नारळासाठीच. तुझ्या नावाची मूठ घालतात तिथे.’

पोरगा वाईट नाही. पण रोट त्याने आयुष्यात दोनदा खाल्ला असेल.

देवीच्या प्रवासाचीही चौकशी झाली. ह्यांनी विमान कंपनीला फोन लावून विचारलं, नारळ हातात नेता येईल का? तिकडची मुलगी म्हणाली, ‘हाथ में तो नहीं. सर, नारियल पानीवाला है या सूखा? सूखा हो तो सामान में भी नहीं.’ हे म्हणाले, ‘बेटा, वो हमारे घर की देवी है.’ ती म्हणाली, ‘जी सर, लेकिन पानीवाली है या सूखी?’ मी इतकी हसले की धाप लागली. नंतर ह्यांनी ठरवलं, की आधी पोचू तर खरं. अडवलं तर जळगावहून एखादी गाडी करून तिला बंगळूरला आणवू, कुणाच्या तरी ओटीत. कुणाच्या, ते मी विचारलं नाही. सांगानेरला जाऊन मी तिच्यासाठी लाल छापाचं कापड आणलं, बारीक बुट्टीचं, हाताने छापलेलं. नारळ गुंडाळायला एवढंसं पुरलं असतं, मी चांगलं वारभर घेतलं.

शनिवारी डायलिसिस चालू होतं. मी खुर्चीत, हाताला नळ्या, मनात रविवारचा स्वयंपाक. गंगाफळाची भाजी, खीर, रोट. काचेच्या दाराबाहेर हे बसले होते. फोन बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा फोन बघितला. मग चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसले. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात मी हा चेहरा एकदाच पाहिला होता, रंगनाथभाऊ गेले त्या दुपारी.

सुया निघेपर्यंत ते आत आले नाहीत. आले ते उभेच राहिले.

‘काय झालं?’

‘मुंबई-जळगाव रद्द केलंय उद्याचं. तांत्रिक कारण. पुढचं मंगळवारी.’

‘दुसरं कुठलं?’

‘बघितलं. हैदराबादचं उद्या नाही. इंदूरहून, औरंगाबादहून. सगळीकडून पुढे गाडी. कमीत कमी चार-पाच तास.’

‘मग गाडी करा.’

‘रत्ना, कोटा विसरलीस?’

मला त्या क्षणी त्यांचा असा संताप आला की सिस्टर काय म्हणेल याचंही भान राहिलं नाही. ‘तुमचं ते पान काढा,’ मी म्हटलं, ‘काढा की. सहाशे बावन्न किलोमीटर ना? सरळ खाली ना? मग न्या मला! फ्लॅट घेताना कशी रेघ ओढून दाखवलीत! जळगावात राहिलो असतो तर आज रिक्षाने गेले असते मी.’ बाजूच्या खुर्चीवरचे शर्माजी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करत पडले होते. हाताच्या पट्टीवर बोट दाबून धरायचं असतं, ते ह्यांनी धरलं, नेहमीसारखं.

घरी येऊन मी जाऊबाईंना फोन केला. सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मूठ घालते दोघाच्या नावाची. तू रडू नको, तुले पाणी चालत नाही.’ डोळ्यातल्या पाण्याला डॉक्टरांची मनाई नसते, हे त्यांना कुठे ठाऊक.

अभिजितने संध्याकाळपर्यंत तिकिटं बदलली. सोमवारी सकाळी जयपूरहून थेट बंगळूर. रविवार आम्ही रिकाम्या घरात काढला. ह्यांनी भिंतीवर राहिलेलं कॅलेंडर काढलं, त्याच्या मागच्या नकाशावर पट्टी नव्हती म्हणून माझा कंगवा धरला, आणि जयपूर ते बंगळूर रेघ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘आता काय?’

‘वरून जाणार आपण,’ हे म्हणाले. ‘आपल्या मुलखावरून. थोडं पूर्वेला, पण वरूनच. तासाभरात तापीवर.’

आणि त्यांनी वहिनींना फोन लावला. ‘वहिनी, उद्या नदीवर कधी जाता? जरा उशिरा जा. आमचं विमान वरून जाईल. साडेनऊच्या सुमाराला. उगवतीकडे बघा.’ असं चांगलं दोनदा सांगितलं. पलीकडून जाऊबाई ‘बरं भाऊजी, बरं’ म्हणत होत्या, कधीकाळी दुपारपर्यंत थांबा म्हटल्यावर म्हणाल्या असतील तशाच.

सोमवारी सांगानेरला पोचलो. सामान, तपासणी, व्हीलचेअर. ह्यांनी मला उजव्या हाताची खिडकी मागून घेतली, गाव त्या बाजूला म्हणून. विमान उडालं. मालवीय नगरच्या गच्च्या दिसल्या, त्यातली आपली कुठली हे शोधेपर्यंत त्या मागे पडल्या. मग ढग. श्रावण होता, ढग असणारच. खाली नुसतं पांढरं.

ह्यांनी घड्याळ हातातून काढून मांडीवर ठेवलं होतं. मी पिशवीतून ते लाल बुट्टीचं कापड काढलं. का काढलं, मला सांगता येणार नाही. घरी ठेवायला घर नव्हतं, पेटीत टाकवलं नाही. मांडीवर पसरलं. वरून तो विमानाचा पट्टा आवळलेला.

‘रत्ना,’ हे हळूच म्हणाले, ‘तास झाला.’

मी खिडकीला कपाळ लावलं. ढग जरासा फाटला, खाली एक तपकिरी वळण दिसलं. तापी असेल. दुसरीही कुठली असेल. लगेच झाकलं गेलं.

‘आता उतरायला लागलं असतं,’ हे म्हणाले. ‘उतरायला वीस मिनिटं धर. एक तास वीस. बरोबर होतं ग ते.’

बरोबरच होतं. इतकं जवळ होतं. एका डायलिसिसच्या अर्ध्या वेळात होण्यासारखं. मी दोन्ही हातांनी कापडाची टोकं धरली, ओटी भरून घेताना धरतात तशी, आणि मनात म्हटलं, ये माय. आली तर ये. मला येता आलं नाही. मला त्या वेळी वेड लागलं होतं म्हणा. एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली, मी हलले नाही म्हणून तिने ती अलगद माझ्या ओटीतच ठेवली आणि हसून पुढे गेली. अर्धा लिटर. माझं पूर्ण दिवसाचं पाणी. ह्यांनी ती उचलून आपल्याकडे घेतली.

बंगळूरला सामानाच्या पट्ट्याशी उभे होतो तेव्हा जाऊबाईंचा फोन आला. हे चार पावलं पुढे, बॅगा येतात का बघत.

‘पोचले का वं?’

‘पोचलो, बाई. तुमचं?’

‘झालं. भाऊजी म्हणले म्हणून मी नदीत उभी राहिली तिले घेऊन. गुडघ्याइतकं पाणी. उगवतीकडे मान करून राहिली मी. ढगच होते. डोळ्याले तसंही दिसत नाही, पण आवाज तरी येईन म्हटलं. आवाजबी आला नाही. पोरगी म्हणे, आई, चल आता, ते केव्हाच गेले असतील. मग सोडलं.’

‘गेली?’

‘कुठं जाते? आतून सुकलेली, बुडीना. तिथंच फिरू राहिली माझ्या पायाशी. नथ माझ्याकडे करून. मी म्हटलं, जा माय, कोणी येऊ नाही राहिलं. तरी जाईना. शेवटी पोरीनं काठीनं लोटलं.’

मी ‘बरं, बाई’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला. हे बॅग ओढत आले. मोठ्या आशेने त्यांनी माझ्याकडे बघितलं, असं बघितलं की त्यांच्यावर रागावणं माझ्या हातून होईना.

‘वहिनी होत्या? काय म्हणाल्या? दिसलं का विमान?’

‘दिसलं म्हणाल्या.’

‘नक्की?’

‘हो. ढगातून जरासं. आवाजही आला म्हणाल्या. मगच सोडलं.’

हे मान हलवत राहिले. ‘म्हणजे बरोबर होतं माझं,’ असं म्हणाले, आणि त्या परक्या विमानतळावर, बॅगेच्या मुठीला धरून, लहान मुलासारखे रडायला लागले. लाल कापड अजून माझ्या हातात होतं. मी त्यानेच त्यांचे डोळे पुसले.